फिक्स यायला लागलेला वेळ

दादा, आज तुमच्या दगडावर गेले होते. नेकनूरच्या अलीकडं, वरचं वावर आणि खालचं वावर यांच्या मधल्या बांधावर तुम्ही रोवलेला हद्दीचा दगड, तोच. मोजणीचा अर्ज वरच्या वावरातल्या म्हाताऱ्याचा. मोजणी ऑफिसच्या यादीत गट नंबर वाचला तेव्हाच ओळखला. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दगडावरून माझ्या बापाबद्दल, तुमच्याबद्दल, जे बोललं गेलं ते खरं की खोटं, हे मला माझ्या हातानं बघायचं होतं.

तुमची मोजणीची साखळी आता कुणी ओढत नाही. माझ्याकडं एक काठी असते, तिच्या टोकाला बशीएवढा अँटेना, आणि हातात मोबाइल. जागा उपग्रहावरून कळते, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहिलं तर दोन-तीन हात इकडंतिकडं होतं, आणि बांधाच्या भांडणात तेवढ्यावरून डोकी फुटतात. म्हणून एका जागी पक्कं बसवलेलं एक स्टेशन असतं. त्याला स्वतःची जागा बिनचूक ठाऊक, त्यामुळं उपग्रह आज किती थापा मारतायत ते त्याला कळतं, आणि तेवढी दुरुस्ती ते इंटरनेटवरून सारखी माझ्या मोबाइलला पाठवत राहतं. काल बीडच्या घरी ओट्याशी उभी राहून त्याचंच नवं सॉफ्टवेअर लावत होते. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, नाव, पासवर्ड. पासवर्ड तीनदा चुकला, बाजूला कुकरच्या शिट्ट्या. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असता, "एवढी घाई कावून? आधी बूड टेकव, मग बोटं चालीव." मला हसू आलं, आणि मग एकाएकी तुमची इतकी आठवण आली की मोबाइल तसाच ठेवून मी खरंच खाली बसले.

मी तिसरीत असेन. आई आजोळी गेलेली, शाळेला सुट्टी, म्हणून तुम्ही मला या मोजणीला सोबत घेतलंय. एसटीतून उतरून आपण चालतोय, तुमच्या खांद्यावर साखळीची पिशवी, माझ्या गळ्यात पाण्याची बाटली. फाट्यावरच तुम्ही बजावता, "आज कुणाच्या घरचं पाणीबी प्यायचं न्हाई. तहान लागली तर आपली बाटली, भूक लागली तर आपला डबा. समजलं का?" हा तुमचा नेमच होता. मोजणीच्या दिवशी ना वरच्यांचा चहा, ना खालच्यांचा. लोक तुम्हाला हेकट म्हणायचे. दुपारभर तुम्ही उन्हात तिपाईवरच्या नकाशाच्या फलकावर वाकलेले, आणि मी खालच्यांच्या अंगणात शेवग्याखाली बसून. दगड रोवून झाल्यावर आपण बांधावर डबा सोडला. एकच भाकरी होती. अर्धी तुम्ही खाल्लीत आणि अर्धी मला दिलीत.

पंधरा दिवसांत गावभर झालं: मोजणीदार खालच्यांच्या घरी जेवला आणि दगड वरच्यांच्या वावरात सरकवून गेला. वरच्यांच्या मालकिणीनं वाढलेलं ताट डोळ्यांनी बघितलं म्हणे. तक्रार झाली, चौकशी झाली, निघालं काही नाही. पण तुम्ही मनानं खचलात ते खचलातच. संध्याकाळी आईसमोर बसून म्हणायचात, "पाण्याचा घोट घेतला न्हाई गं मी. ताट कुठलं दिसलं तिला?" वर्षानुवर्षं तेच. शेवटच्या आजारपणातही एकदा म्हणालात. मी उशाशीच बसले होते.

म्हाताऱ्यानं आज मला ओळखलं नाही. "तुमच्या आधी एक आलता," तो म्हणाला, "जेवला तिकडं, दगड सरकला इकडं." सकाळीच गावाचे जुने, वादात नसलेले दगड मोजून ठेवले होते. आता काठी तुमच्या दगडावर धरली आणि आलेलं माप गावाच्या मूळ टिपणाशी, म्हणजे जुन्या मापांच्या नोंदीशी, ताडून पाहिलं. दगड हातभर वर. हातभर, दादा. तुमचा राग आला मला, खोटं कशाला सांगू. मग मोबाइलकडं नीट बघितलं तर 'फ्लोट' दिसत होतं. फ्लोट म्हणजे दुरुस्ती अजून पक्की बसलेली नाही, ते माप धरायचं नसतं; ती पक्की बसली की 'फिक्स' येतो, तेव्हाच धरायचं. हे मी नव्या लोकांना शिकवते, आणि स्वतः तेच धरून तुमच्यावर रागावून मोकळी झाले. घाईत स्टेशनही भलतंच निवडलं होतं, लांबचं. जवळचं निवडलं, दुसऱ्या सिमचं नेट लावलं आणि काठी न हलवता उभी राहिले. फलक समपातळीत येईपर्यंत तुम्ही असेच श्वास रोखून उभे असायचात. त्या दगडापाशी, तुमच्या जागेवर, मला वाटत होतं की हे असंच चालू राहावं, फिक्स येऊच नये.

पण आला. तीनदा मोजलं. तुमचा दगड दोन बोटांच्या आत बरोबर आहे. साखळीनं, त्या उन्हात, दोन बोटं.

"दगड जागेवर हाय, बाबा," मी म्हणाले. त्याला मोबाइल दाखवला, टिपण दाखवलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हातात घेऊन बघितलं. मग म्हणाला, "असंल बरोबर. मशीन कशाला खोटं बोलंल. पर मग तो जेवला कावून?"

मी काठी मिटवून पिशवीत घातली. सांगता आलं असतं. तेवढंच तर सांगायचं होतं.

दादा, ते ताट माझं होतं. तुम्ही बांधाच्या पार त्या टोकाला होता. खालच्यांच्या काकूनं मला हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि गरम भाकरी, दूध, गूळ समोर ठेवला. मी खाल्लं, तोंड पुसलं आणि परत शेवग्याखाली येऊन बसले. आधी माराच्या भीतीनं बोलले नाही. नंतर तुम्ही इतके दुखावलात की बोलायची सोयच उरली नाही. नकाशाची प्रत द्यायला मला परत त्या वावरात जायचंय. तेव्हा म्हाताऱ्याला सांगेन, असं इथं लिहिणार होते, पण तुम्हाला खोटं लिहवत नाही. हा कागद टिपणाच्या फाइलीत, तुमच्या जुन्या मोजणीवरच्या सहीखाली ठेवून देते.

आणि बांधावर तुम्ही दिलेली ती अर्धी भाकरीही मी खाल्ली, पोट भरलेलं असताना, तुम्हाला कळू नये म्हणून. तुम्हाला भूक होती, मला दिसत होतं.