चाळीस मिनिटांचा बिल्ड

४ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
बिल्ड सुरू केला. आता आमच्या प्रोग्रामचे बत्तीस भाग मशीन एकामागून एक कंपाइल करून चालण्याजोगे करणार. चाळीस मिनिटं. तेवढा वेळ मी आणि टेस्टिंगवाली खिडकीपाशी कॉफी घेत उभे. मी बोलतो, ती ऐकते. इतकं मन लावून माझं कुणीच ऐकलेलं नाही; कॉलेज सोडलं तेव्हा बाबांनीसुद्धा नाही. आज म्हणाली, या बिल्डपायी रोज घरी जायला उशीर होतो. ठरलं. बिल्ड पाच मिनिटांवर आणायचा आणि तिला विचारायचं.

५ मार्च
सोपं आहे. मशीनला आठ कोअर, म्हणजे आठ हात. मग रांग कशाला? जे भाग एकमेकांवर अवलंबून नाहीत ते एकाच वेळी चालवायचे. टीमचे लीड (वय छत्तीस, आम्ही आजोबा म्हणतो) म्हणाले, कोण कोणावर अवलंबून याची आधी यादी कर. याद्या कारकुनांनी कराव्यात. मी बत्तीसही भागांपुढे ‘स्वतंत्र’ लिहून मोकळा झालो.

६ मार्च. दुपारी
साडेचार मिनिटं. पहिल्याच फटक्यात. आईला फोन केला. तिने विचारलं, कॉलेजचा फॉर्म भरलास का. फोन ठेवला.

७ मार्च
बिल्ड बाकीच्यांकडे पडतो, माझ्याकडे चालतो. त्यांची मशीनं भिकार.

संध्याकाळी
टेस्टिंगवालीने माझ्या मशीनवरच्या जुन्या फायली पुसून बिल्ड चालवला. पडला. म्हणे, परवाच्या तयार भागांवर तुझं भागत होतं. लॉगिनला डेटाबेसचा भाग लागतो आणि तो अजून तयारच नसतो. आजोबा म्हणाले, “पाया भरायच्या आधी स्लॅब टाकलास की रे.” सगळे हसले. मी आवाज चढवला. राजीनामा लिहिला. पाठवणार तोच ती म्हणाली, यादी करायला मी बसते. राजीनामा ड्राफ्टमध्ये ठेवला.

८ मार्च
यादी झाली. खरोखर स्वतंत्र भाग अकरा. बाकीचे, त्यांना लागणारे भाग तयार होतील तसे, गटागटाने. यादी तिने केली, दिशा मी दिली. सहा मिनिटं, सगळ्यांच्या मशीनवर. टाळ्या तिला मिळाल्या. माझं मन मोठं आहे. सोमवारी विचारतो.

११ मार्च, सोमवार
बिल्ड सुरू करून खिडकीपाशी गेलो. दोन कप भरले. ती जागेवरून हललीच नाही. जाऊन विचारलं, येत नाहीस का.

“आता कशाला?” ती म्हणाली. “तेव्हा चाळीस मिनिटं दुसरं काही करताच यायचं नाही.”

दोन्ही कप मीच संपवले.

दुपारी
आजोबांना भेटलो. इतक्या घाईने बिल्ड होणं कोडच्या तब्येतीला बरं नाही, हे शांतपणे समजावलं. ते म्हणाले, जागेवर जाऊन बस.