दगडाबाईचा आकडा

११ नोव्हेंबर
डॉक्टरांनी पुण्याहून नवं खूळ आणलंय — दुखणं मोजायचं! वॉर्डात भिंतीवर तोंडांचा तक्ता. शून्याला हसरं, दहाला रडकं. पेशंटला विचारून आकडा चार्टवर लिहायचा. सात किंवा वर गेला की त्यांना फोन. दुखणं म्हणजे काय बीपी आहे?

१२ नोव्हेंबर
तलवाड्याची दगडाबाई. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली, नडगी मोडली. प्लास्टर घालून डॉक्टर लग्नाला आष्टीला गेले. दोन तासांत हिचं सुरू — "धा, बाई, धा!" दहावाली कधी चहा मागते? हिने मागितला, वर बिस्किट बुडवून खाल्लं. मी चार लिहिलं. सतरा वर्षं पेशंट बघतेय, मला तक्ता नको.

१३ नोव्हेंबर
डॉक्टरांचा फोन. चार म्हणून सांगितलं. गोळी द्या म्हणाले.
प्लास्टर आवळतंय, ही बाईंची नवी तक्रार. प्लास्टर काय झुलायला घालतात?
सून चैतालीने चार्ट वाचला. "आत्या धा म्हणत्यात, तुमी चार कावून लिवलं?" म्हटलं, तुझ्या सासूचं रडगाणं तू घरी ऐकतच असशील. दगडाबाईनेही ऐकलं.

१४ नोव्हेंबर
आज आवाज नाही. विचारलं तर म्हणाली, "पायात काईच वाटंना, बाई." झालं ना बरं! शून्य.

१५ नोव्हेंबर
डॉक्टर आले. प्लास्टर कापलं. पाय थंडगार, काळानिळा. आतल्या आत सुजून आवळला गेला होता. नस मेली की दुखणं थांबतं — हे मला शिकवलेलं आहे. मी विसरले नव्हते. मला फक्त माझं खरं करायचं होतं.
दुपारी गुडघ्याखाली पाय कापला.

१६ नोव्हेंबर
डॉक्टरांनी चार्ट पाहिला. चार, चार, शून्य. "मंजुषा सिस्टर, रेकॉर्ड व्यवस्थित आहे. कुणी काही म्हणू शकत नाही." चैताली दारातच उभी होती. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार!

१९ नोव्हेंबर
कापलेल्या पायाची बोटं जळतात म्हणते. चादरीखाली तिथे काही नाही. चार्ट घेऊन जवळ बसले. किती, म्हणून विचारलं. तिने तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तुमीच लिवा, बाई. माजं मला कुटं कळतंय."