भावजींची सही

सोमवार, ता. ५ फेब्रुवारी १९३४, सोलापूर

कालपासून दवाखान्यात. खाट खिडकीशी मिळाली, नशीब माझं. गिरणीचा भोंगा इथंही ऐकू येतो, त्यामुळं अगदीच परकं वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पोट चेपून पाहिलं. गर्भपिशवीशेजारी गोळा आहे, नारळाएवढा झालाय, काढावाच लागेल. आत पीळ पडला तर मग काही खरं नाही. स्पष्ट बोलतात, आवडलं. मी म्हटलं, काढा. शुक्रवारी सकाळी काढू म्हणाल्या.

नारळ! आणि आमच्या गल्लीतल्या बाया बोटांवर महिने मोजत होत्या. विधवेचं पोट दिसलं की सगळ्यांना गणित येतं. हेच शाळेत आलं असतं तर...

मंगळवार, ता. ६

घोडं अडलं. मार्थाबाई छापील कागद घेऊन आल्या. इथल्या नर्स. हात हलका, जीभ तिखट. कागदावर असं की, ऑपरेशनला आमची राजीखुशी आहे, काही बरंवाईट झाल्यास दवाखान्यावर बोल नाही. खाली सही. मी टाक मागितला तर म्हणतात, "तुमची नाही चालत हो, मास्तरीणबाई. नवरा, बाप, भाऊ, मुलगा. घरातलं कुणीतरी पुरुषमाणूस पाहिजे."

नवरा गेला. वडील गेले. भाऊ देवानं दिलाच नाही. मुलगा होण्याआधीच...

हजेरीपटावर माझी सही चालते. पगाराला चालते. मुलींच्या दाखल्यावर चालते. पोट माझं, फाडायचं माझं, तिथं मात्र चालत नाही!

डॉक्टरीणबाईंशी जाऊन भांडले. त्याही वैतागलेल्या. "नियम कमिटीचा. मागं एका बाईचं असंच केलं, तर सासरचे काठ्या घेऊन दारात. आमच्या माणसाला न विचारता कापलंत म्हणून. तेव्हापासून हा कागद. मीही इथं नोकरच आहे." मग हळूच विचारलं, "दीर वगैरे कुणी?"

दीर आहे. टेंभुर्णीला. धोंडीभावजी. हे गेल्यापासून माझा उंबरा चढले नाहीत. सुतकातसुद्धा अंगणातूनच परत गेले. मी ट्रेनिंगला गेले, मास्तरीण झाले, ते त्यांना रुचलं नसणार असं मी आपलं धरून चाललेय. दर सुगीला ज्वारीचं पोतं मात्र येतं, तेही दुसऱ्या कुणाच्या गाडीतून. निरोप नाही, चिठ्ठी नाही. नुसतं पोतं.

टेंभुर्णीच्या मोटारवाल्याच्या हाती निरोप पाठवला. गल्लीतली बातमी तिथवर पोचली असेल तर येणार नाहीत.

बुधवार, ता. ७

कुणी आलं नाही.

शेजारच्या खाटेवर नरसम्मा. साळ्याची बायको, तेलुगू. तिच्या नवऱ्यानं सोमवारी मागंपुढं न बघता अंगठा दिला आणि मागावर परत गेला. माझी रड ऐकून म्हणते, "अक्का, माझा मालक तुझा भाऊ म्हण की. अंगठाच तर हाय. देतंय त्यो." एवढ्या सहज! मी ह्या बाईला ओळखत नव्हते परवापर्यंत, आणि ती मला नवरा उसना द्यायला निघाली. मार्थाबाई ओरडल्या, आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसण्यानं दुखलं, पण चाललं.

संध्याकाळी कळ आली ती बसेना. डॉक्टरीणबाई जेवणावरून उठून आल्या, सुई दिली, माझा हात धरून बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, शुक्रवारच्या पुढं थांबायचं नाही.

भीती वाटते. लिहून टाकते, म्हणजे बाहेर तरी पडेल. मला मरायचं नाही.

गुरुवार, ता. ८

आले!

दुपारी वॉर्डाच्या दारात घोंगडी खांद्यावर टाकून उभे. केस पांढरे झालेत. अंगावर ज्वारीचा भुसा, काढणी तशीच टाकून आलेले. मी म्हटलं, "आत या भावजी, इथं उंबरा नाही." हसले नाहीत. भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून आणलेली, ती पायाशी ठेवली. "कारभारनीनं दिलीया. लई दुकतंय का, वैनी?"

बस्स. मला रडूच आलं. चटणी नाकात गेली असं मी सांगितलं, आणि खरं कारण गिळलं.

मार्थाबाईंनी कागद पुढं केला. भावजींनी अंगठा पुढं केला. मी म्हटलं, "अंगठा कसला? तुम्हाला सही येते की! ह्यांनी शिकवली तुम्हाला, ओट्यावर बसवून, पाटीवर गिरवून घेतली. मी पाहिलंय."

हात मागं गेला. उठले, आणि तडक बाहेर. मार्थाबाई म्हणाल्या, "गेलं वाटतं पुरुषमाणूस."

पोट धरत धरत मी मागं गेले. पायरीवर बसले होते. माझ्याकडं न बघता बोलले. जसं आठवतं तसं उतरवते.

"दादाच्या टायमाला म्याच सही केली हुती, वैनी. बापाला लिव्हाय-वाचाय येत न्हवतं, म्हनून कागुद माज्याच हातात दिला. डाक्टर म्हनला, लवकर कर. म्या केली. दादा टेबलावरनं उठलाच न्हाय. त्यानं शिकीवलेली सही त्याच्याच मरनावर केली म्या. तवाधरनं टाक धरला न्हाय. चावडीत बी अंगठाच देतो, समद्यांला वाटतं इसरला आसंल. तुमच्या दारात कुटल्या तोंडानं यावं? आन् आता तुमच्यासाटनं बी त्योच कागुद?"

मी तेव्हा माहेरी तापानं फणफणलेली. निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. सही कुणी केली हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. अकरा वर्षं मी ह्या माणसाला आढ्यतेखोर म्हणत आले, आणि तो दरसाल पोतं पाठवून तोंड लपवत होता. राग यावा की माया, कळेना. दोन्ही आले.

म्हटलं, "सही तुम्ही केलीत, पण यमाला तुम्ही बोलावलं नव्हतं. सही केली नसतीत तर ते घरी ओट्यावर गेले असते."

मान हलवली, पण उठेनात. कोरडं बोलून भागणार नव्हतं. दवाखान्याला आपल्यावर बोल येऊ नये म्हणून कागद लागतो, मग भावजींना का लागू नये? मार्थाबाईंकडून कोरा कागद घेतला आणि पायरीवरच लिहिलं.

"मी पूर्ण शुद्धीवर लिहून देते की हे ऑपरेशन माझ्या राजीखुशीनं होत आहे. धोंडीभावजी माझ्या सांगण्यावरून सही करीत आहेत. माझं काही बरंवाईट झाल्यास त्यांच्यावर बोल नाही, दोष नाही, पाप नाही."

खाली माझी सही. इथं तरी चालली! साक्षीदार मार्थाबाई. आत आलो तर नरसम्मा खाटेवरून ओरडली, मी बी साक्षीदार, मग तिचाही अंगठा. भावजींनी पुन्हा वाचायला लावलं, 'पाप नाही' पाशी थांबवून परत एकदा. मग कागद घडी करून बंडीच्या खिशात, आणि टाक हातात. धरलाही विळ्यासारखा. जीभ बाहेर काढून सही केली.

मी बघत राहिले. अक्षर ह्यांचं. शेवटच्या अक्षरावरची रेघ तशीच वर उचललेली. इतक्या वर्षांनी ह्यांचं अक्षर ओल्या शाईत पाहिलं.

मार्थाबाईंनी टीपकागद लावायला घेतला. म्हटलं, राहू द्या, वाळेल आपोआप.

शुक्रवार, ता. ९, सकाळी

उपाशी आहे. पाणीसुद्धा नाही. नरसम्मा तिचा चहा माझ्याकडं पाठ करून प्यायली, देव तिचं भलं करो. डॉक्टरीणबाई येऊन कपाळावर हात ठेवून गेल्या. आठवडाभर मला किती जणांनी धरून ठेवलंय! पुरुषमाणूस नाही म्हणून रडत होते, आणि माणसं कमी नव्हतीच.

भावजी व्हरांड्यात झोपले होते. उजाडताच आत आले. पटका हातात घेऊन पिळत उभे. मग, "वैनी, त्यो कागुद... मागचा बी लिवता येतो का? दादाचा?"

मी पेन्सिल घेतली. दोनच ओळी, पण लिहायला वेळ लागला. ह्यांची बायको मी, तो बोल ठेवायचा की सोडायचा, तो हक्क माझा. सोडला. मनापासून सोडला. खाली सही केली आणि कागद पुढं केला.

घेईनात.

"आत्ता नगं. परत आल्यावर द्या. तुमच्या हातानं."

"आणि भावजी, आलेच नाही तर? मग तुम्हाला कोण देणार?"

"म्हनून तर."

कागद माझ्याच हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि उशीखाली सारला. वर उशी नीट केली.

मला न्यायला येणाऱ्या गाडीची चाकं वाजतायत. मार्थाबाईंना सांगितलंय, चादर हवी तर बदला, उशीला हात लावू नका.