फोन ठेवू नकोस

४ फेब्रुवारी

चि. गोट्यास, अ. उ. आ.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर तू नुसता हो हो करतोस आणि मागे तुझी बोटं कीबोर्डवर चाललेली मला ऐकू येतात. कागदासमोर तरी दोन मिनिटं गप्प बसशील.

तुझ्या त्या दवापाण्याच्या लाइनने वस्तीत मला भलतंच डोक्यावर बसवलंय. पाळणाघरात मुलं सोडायला आलेल्या बाया सांगतात की काल रात्री ताईंशी बोललो, आणि मी तर तेव्हा घोरत असते. कपाटात गोधड्यांच्या मधे बसवून तू माझा आवाज भरून घेतलास, तेव्हा घामाने भिजून मी तुला शिव्या घातल्या होत्या. आता त्या परत घेते. साधा बटणांचा फोन, एक मिस्ड कॉल, पैसा लागत नाही आणि वाचताही यावं लागत नाही. यंत्र आपणहून फोन करतं, मी काय होतंय ते विचारते, मग नर्सबाई लाइनवर येऊन सल्ला देतात. तू लिहून दिलेलं "कृपया प्रतीक्षा करावी" माझ्या तोंडून निघेना, म्हणून मी आपलं "फोन ठेवू नकोस गं, मी आहे इथे" असं म्हटलं. बायांना तेच आवडतं.

एक मात्र विचारायचंय. आठवडाभर नर्सबाई येतच नाहीत म्हणे. माझं तेवढं एक वाक्य पुन्हा पुन्हा वाजत राहतं. समोरच्या शिलाईवालीने परवा सगळा स्वयंपाक होईपर्यंत फोन खांद्याशी धरून ठेवला होता. काय झालंय ते बघ. मी उद्यापासून आत्याकडे आहे, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. हे पत्र मी हातातलं काम बाजूला ठेवून लिहितोय.

नर्सबाईंना काढलं, ताई. मदत देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्यांच्या जागी आपोआप उत्तरं देणारी यंत्रणा बसवायची आहे, पण ती अजून तयार नाही. तोवर लाइन बंद ठेवली तर लोक नंबर विसरतील, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून ती नुसतीच चालू आहे. पलीकडे कुणी नसताना माणसांना ताटकळत का ठेवायचं, असं मी बैठकीत विचारलं. साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला. लोक पूर्वीपेक्षा तिप्पट वेळ लाइनवर राहतात, म्हणजे लाइन तिप्पट उपयोगी झाली, असा त्यांचा हिशेब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या.

आपली भाषा बोलणाऱ्या सगळ्या गरीब वस्त्यांत आता तुझाच आवाज जातो. घरी परतलीस की आपल्या बायांना एवढं सांगून ठेव, की फार वेळ थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. महिनाभरात सगळं मार्गी लागेल.

आत्याला नमस्कार. लहान भावावर राग नसावा.

तुझा,
गोट्या

२ मार्च

चि. गोट्यास आशीर्वाद.

शिलाईवालीची ठकी गेली. माझ्या पाळणाघरातली, परवापरवा चालायला लागलेली ठकी.

मी आत्याकडून परतले तेव्हा तुझं पत्र दाराच्या फटीत पडलेलं होतं. ते उघडायच्या आधीच समोरच्या घरातलं रडणं ऐकू आलं. ठकीला जुलाब लागले होते. माझ्या दाराला कुलूप, म्हणून तिच्या आईने लाइनला मिस्ड कॉल दिला. मागे तिच्या मोठ्या मुलाच्या तापाला त्याच लाइनने आराम पडला होता, दवाखान्याची अर्ध्या दिवसाची खोटी वाचली होती. फोन आला, मी बोलले. तिला वाटलं, मीच आत्याच्या घरून बोलतेय आणि कुणाला तरी विचारून सांगणार आहे. पोरगी मांडीवर मलूल होत गेली आणि ही फोन कानाला लावून बसली. फोन तुटला की पुन्हा मिस्ड कॉल द्यायची. बॅटरी संपली तेव्हा कुठे उठली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सकाळी आणलं असतं तर सलाइनवर निभावलं असतं.

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच सांगितलं की ताई, तुम्ही थांब म्हणालात म्हणून मी थांबले. यंत्र कसं चालतं ते मी तिला समजावू लागले आणि मलाच माझी लाज वाटली.

घरोघर जाऊन सांगितलं की फोनवरची ती मी नाही. बाया मान डोलावतात. पण दुसऱ्या गावातल्या बायांना कोण सांगणार? माझा आवाज तिथून काढ. आज काढ. फोनची घंटा वाजली की मी घराबाहेर निघून जाते, म्हणून फोन करू नकोस. काढलास एवढंच लिहून कळव.

ताई

१३ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आवाज काढायचा तर देणगीदारांची परवानगी हवी, आणि त्यांची बैठक पावसाळ्यानंतर. मी पाय धरायचे बाकी ठेवले. शेवटी एका मुलीमुळे सगळी लाइन बंद करता येत नाही, असं ते म्हणाले. तिचं नाव काय, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

ताई, भरलेल्या आवाजाला मला हात लावता येत नाही, त्याला साहेबांची किल्ली लागते. पण नर्सबाईंचा नंबर घालायची जागा अजून माझ्या हातात आहे. ती रिकामी असली की तुझा आवाज लागतो. तिथे नंबर असला की यंत्र काही न बोलता फोन सरळ तिकडे वळवतं. माझा नंबर घातला असता तर ऑफिसात त्याच दिवशी पकडलं असतं. दुसरं कुणी सुचेना. काल मी तिथे तुझा नंबर घातला. तुला फोनची धास्ती बसलीय हे ठाऊक असून घातला. नको असेल तर दोन शब्द लिही, काढून टाकतो, पण मग पुन्हा तेच वाक्य सुरू होईल.

नोकरी जाईल ती जाईल. ठकीच्या आईला तोंड दाखवायला मला जागा नाही.

तुझा,
गोट्या

२४ मार्च

चि. गोट्यास, अ. उ. आ.

काढू नकोस.

पहिल्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी तो डब्यात घालून झाकण लावलं होतं. मग उचलला. तेव्हापासून खाली ठेवला तर शपथ. आत्याला इकडेच आणलंय, पाळणाघर ती सांभाळते, एका डोळ्याने का होईना. मी डॉक्टर नाही, म्हणून एकच सांगते, की पोराला उचल आणि दवाखान्यात जा. कुणी रडतं, कुणी मला शिव्या देतं, कुणी विचारतं की ताई, आज एवढ्या घाईत का. घसा बसलाय. रात्री कण्हल्यासारखी बोलते म्हणे झोपेत.

परवा शिलाईवाली दारात आली. त्या दिवसापासून पहिल्यांदाच. माझ्या फोनकडे बघत राहिली. तिने विचारलं की मी एकीशी बोलते तेव्हा बाकीच्या बाया काय करतात. तेवढ्यात मला पुढचा फोन आला. तिने स्वतःचा फोन काढला, लाइनला मिस्ड कॉल दिला, आलेला फोन कानाला लावला आणि मला ऐकवला. मी तेव्हा दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते, त्यामुळे तिच्या फोनवर नुसता एंगेज टोन येत होता. तिने तो थोडा वेळ ऐकला आणि फोन ठेवून दिला. म्हणाली, असा आवाज आला असता तर मी ठकीला घेऊन पळाले असते.

तेव्हा जोवर ते तुला पकडत नाहीत, तोवर माझा नंबर तिथेच असू दे. मी फोन अडवून बसते.

मायेला अंतर देऊ नकोस.

तुझी,
ताई