एक्केचाळीस नंबरचा बॉयलर

प्रिय दादा,

हे पत्र फाडणार असशील तर त्याआधी एवढंच वाच: रविवारी बाबांचं इंजिन पेटवू नकोस. त्याचा बॉयलर धोक्याचा आहे. ‘आली परत आडवी’ असं तू म्हणाला असशील. म्हण, पण पुढचं वाच. कालपासून चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. नऊ वर्षांत उचलला नाहीस तो कालच का उचलशील म्हणा. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुम्हा बहीणभावांच्या इंजिनात मला घालू नका.’ म्हणून कुरिअरने पाठवतेय. शुक्रवारपर्यंत नक्की पोचेल असं कुरिअरवाला म्हणाला. त्याच्या त्या ‘नक्की’वर माझा जीव टांगलेला आहे.

फोटो तुझ्या लेकीने पाठवला. इंजिन इतकं सुरेख पुसलंयस की बघत राहिले. हातभर लांबीचं ते धूड, त्याची हिरवी टाकी, लाल चाकं, आणि मागे अंगणात गोल मांडलेले रूळ. खाली तिने लिहिलंय, ‘आजोबांचं इंजिन, रविवारी ड्रायव्हर मी, पस्तीस पाहुणे, आत्या तू पण ये.’ मला आधी हसू आलं. मग फोटो मोठा करून बघितला. बॉयलरच्या डोक्यावर नवीकोरी पितळी सुरक्षा झडप होती. कुणाकडून तरी करून घेतलीस ना? ती झडप नव्हती म्हणून नऊ वर्षं ते इंजिन पेटत नव्हतं आणि मी शांत झोपत होते. आता तुझी लेक मागच्या ट्रॉलीवर वाकून बसणार, म्हणजे बॉयलरच्या मागच्या पत्र्यापासून तिचा चेहरा हातभर अंतरावर. आणि दुखणं नेमकं त्याच पत्र्यात आहे.

मी बरी आहे. बाबांचं बाक, लेथ आणि कानशी माझ्याकडे आल्या, त्यावर मी लोकांची जुनी इंजिनं दुरुस्त करते हे तुला कुणाकडून तरी कळलं असेलच. गेल्या महिन्यात दातांच्या एका डॉक्टरांनी इंजिन आणलं. कपाटात त्यांची अठरा इंजिनं आहेत, एकालाही कुणाला हात लावू देत नाहीत. याच्या वाफेच्या नळीला गळती होती आणि महाशयांनी ती चक्क बायकोच्या नेलपॉलिशने बुजवली होती! मी त्यांना विचारलं, तुमच्या पेशंटची दाढही अशीच भरता का? ते हसले, मीही हसले. पण ते गेल्यावर मनात आलं, गळती लपवणाऱ्यांना हसायचा मला काय अधिकार? तेव्हाच तुला लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि कच खाल्ली.

तू एकोणीस वर्षांचा होतास तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. मी अकरा वर्षांची. खाली पडलेले स्क्रू उचलून देणं एवढंच माझं काम, म्हणून तुम्ही दोघं मला चिमटी म्हणायचात. बाबांच्याच आराखड्यावरून, त्यांच्याच लाकडी फर्म्यावर तांब्याचा पत्रा ठोकून तू आपला पहिला बॉयलर केलास. सगळे सांधे चांदीच्या सोल्डरने, लालबुंद तापवून जोडलेस. फक्त एका ठिकाणी टाचणीएवढं भोक राहिलं. दुसऱ्या दिवशी छोट्या इंजिनांच्या क्लबात तपासणी होती, म्हणून तिथे साधं कथलाचं सोल्डर टेकवलंस. क्लबचे तपासनीस बाबाच. गार पाण्याच्या दाबाला तुझा बॉयलर वीस मिनिटं टिकला, काटा हलला नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि बाबांनी खिशातून चाकू काढून तो सांधा खरवडला. आतून मऊ, राखाडी कथील निघालं. ‘पाणी कमी झालं की हे वितळतं आणि वाफ माणसाच्या तोंडावर येते,’ एवढं तीस माणसांसमोर म्हणून त्यांनी बॉयलर बाजूला सारला. तू तो भंगाराच्या डब्यात टाकलास आणि परत कानशीला हात लावला नाहीस.

बाबा गेल्यावर आपण सामान वाटून घेत होतो, तेव्हा तू इंजिन मागितलंस आणि म्हणालास, ‘एकदा पेटवून बघतो.’ मी नाही म्हटलं. तू कारण विचारलंस, मी ‘नाही म्हणजे नाही’ म्हणाले. मग आतल्या खोलीत जाऊन सुरक्षा झडप काढून घेतली. तुला वाटलं, इंजिन मिळालं नाही म्हणून मी जळतेय. तू नाही नाही ते बोललास, आणि मीही काही कमी बोलले नाही. ती झडप नऊ वर्षं माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. बटणं शोधताना दरवेळी हाताला लागते.

दादा, बाबांच्या इंजिनात कथील आहे. शेवटच्या वर्षी मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला गळती सुरू झाली. चांदीच्या सोल्डरला अख्खा बॉयलर तापवावा लागतो, आणि तो मोठा बर्नर त्यांच्या हातात राहत नव्हता. मी दोन दिवस कामासाठी बाहेर होते. त्यांना दम निघाला नाही. परत आले तेव्हा कथलाचा वास येत होता आणि बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. वरून रंग मात्र मीच मारला. त्यांनी सांगितलं म्हणून मारला, पण ब्रश माझ्या हातात होता. तू म्हणशील, मी गार पाण्याने तपासलंय, काटा हलला नाही. नाही हलणार! तुझाही हलला नव्हता. मागच्या पत्र्याची खालची कड चाकूने खरवडून बघ. तो राखाडी रंग तू विसरला नसशील.

हे मी इतकी वर्षं का सांगितलं नाही? बाबांनी माझा हात धरून शब्द घेतला होता. म्हणाले, ‘सगळ्या जगाला सांग, पण त्याला नको. त्याच्यासमोर मी चाकू घेऊन उभा राहिलो होतो.’ आणि पुढे म्हणाले, ‘नापास केलं ते बरोबरच केलं. पण आधी त्याला बाजूला घ्यायला हवं होतं मी.’ हे वाक्य तुझं होतं, मी ते नऊ वर्षं दाबून ठेवलं, आणि झडपेपेक्षा मोठी चोरी तीच. आज शब्द मोडतेय. तुझी लेक त्या पत्र्यासमोर बसणार असताना मला तो पाळता येत नाही. आणखी एक. बाबांच्या बाकाच्या सगळ्यात खालच्या खणात, त्यांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेला तुझा बॉयलर सापडला. भंगारातून त्यांनी तो कधी उचलला, देव जाणे. कथील लागलेल्या तांब्यावर चांदी धरत नाही, म्हणून तेवढा भाग कापून मी नवा तुकडा बसवला. बाकीचे तुझे सांधे तसेच आहेत, एकालाही हात लावावा लागला नाही. गेल्या महिन्यात क्लबच्या आताच्या तपासनीसबाईंनी तो तपासला. नंबर द्यायला जुनी वही उघडली, तर त्यात बाबांच्या हातचा चाळीस आहे, बेचाळीस आहे आणि मध्ये एक ओळ कोरी आहे. त्या ओळीवर तुझं नाव लिहून बाईंनी बॉयलरवर एक्केचाळीसचा ठसा मारला. एकाच फर्म्यावरचे आहेत, तुझा बॉयलर बाबांच्या इंजिनात बसेल. शनिवारी सकाळच्या पहिल्या बसने तो घेऊन येतेय. जोडायला दिवस लागेल, तोही चार हात असतील तर, आणि कानस तुलाच धरावी लागेल. तुला माझ्यावर ओरडायचं असेल, आणि ते असणारच, तर आधी काडेपेटी मला दे आणि मग हवं तेवढं ओरड.

तुझीच,
चिमटी