सरचार्जवर माझा बिनतोड उपाय

३ जून, मंगळवार. सकाळी ९
पेपरात ठळक बातमी. बाहेरून येणाऱ्या वेल्डिंगच्या मालावर पंचवीस टक्के सरचार्ज, म्हणजे जादा कर. देशांच्या यादीत, आपण दुकानात विकतो त्या वेल्डिंग रॉडचा देश पहिला. गोडाऊनमध्ये नेमके त्याच देशाचे एकशेचाळीस खोके. तरी निर्धार: आजपासून चिडायचं नाही. रोज चार ओळी लिहायच्या आणि शांत डोक्याने निर्णय घ्यायचे.

९.२०
चिडलो. सप्लायरच्या माणसाने अकरा पानी परिपत्रक मेल केलंय. म्हणाला, सगळं त्यात आहे, वाचा. वाचायला मी काय रिकामटेकडा आहे?

५ जून, गुरुवार
टाकीवाल्याचा फोन. पाण्याच्या, तेलाच्या टाक्या बनवतो. एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक, अर्धं दुकान त्याच्यावर चालतं. साठ खोके हवेत, पण सरचार्जवाला माल नको. त्याची पार्टी एक पैसा जास्त देणार नाही. मी म्हटलं, तुम्ही अजिबात काळजी करू नका. फोन ठेवला आणि मीच काळजी करत बसलो.
बायको म्हणाली, अहो, ते परिपत्रक वाचून तर बघा. मी म्हटलं, सारांश कळलाय मला.

६ जून, शुक्रवार
सापडलं! रॉडला देश नसतो. देश असतो खोक्यावरच्या लेबलला. लेबल काढलं की देश गेला! ही फसवणूक नाही. फसवणूक म्हणजे खोटं लिहिणं. मी काहीच लिहीत नाहीये, उलट लिहिलेलं काढतोय. एवढी साधी गोष्ट बाजारात एकालाही सुचू नये, कमाल आहे.

दुपारी ४
लेबलं निघत नाहीत. चाकू, नखं, बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर, सगळं झालं. चार तासांत सात खोके. हा गोंद ज्याने बनवला त्याला एकदा माझ्यासमोर आणा.

७ जून, शनिवार
खोक्यांवर ओले टॉवेल पसरले, वरून पाणी शिंपडलं. तासाभरात लेबलं अलगद हातात. नुसतं डोकं वापरायचं असतं.
बायको म्हणाली, रॉडला ओल चालत नाही. वरचं कोटिंग दमट झालं की जोडाला भोकं पडतात, टाकीवाल्याकडच्या वेल्डरमामांनीच सांगितलंय. मी म्हटलं, आत प्लास्टिक असतं.
(काही खोक्यांत नव्हतं. पण पुठ्ठा जाड आहे. शिवाय अर्धा तास टेबल फॅन लावला.)
साठ खोके टाकीवाल्याकडे रवाना. बाकीच्यांचीही लेबलं काढून टाकली, एकदाची कटकट गेली.

११ जून, बुधवार
टाकीवाला फोनवर तापलेला. नव्या टाकीत पाणी भरून बघितलं तर जोडाजोडातून गळतंय, पार चाळणी झालीये. विचारलं, रॉड ओले होते का? मी म्हटलं, आपला माल? शक्यच नाही! मग त्याने विचारलं, मग झालं काय? अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं. मी म्हटलं, वेल्डरमामांचं वय झालंय, हात थरथरत असेल.
मामा त्याच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर. मला पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर हातात धरायला शिकवलं ते त्यांनीच. हात दगडासारखा स्थिर आहे. पण मी ‘थरथरतो’ म्हटलेलं नाही, ‘थरथरत असेल’ म्हटलंय. फरक आहे.

१२ जून, गुरुवार
टाकीवाल्याने मामांना कामावरून घरी बसवलं. असो. साठी उलटलीये, विश्रांती हवीच होती.
बायकोला मामांचं तेवढं सांगितलं. ती फोन घेऊन आत गेली. जेवण गेलं नाही, बहुतेक ॲसिडिटी.

१३ जून, शुक्रवार
बायकोने परिपत्रक वाचलं. काउंटरवर बसून, गिऱ्हाईकं सांभाळत, अकराच्या अकरा पानं. सरचार्ज एक जूननंतर आलेल्या मालावर. आपला माल मार्चमधला, म्हणजे एक पैसाही नाही! पुरावा काय, तर खोक्यावरचं लेबल. देश आणि आल्याची तारीख त्याच्यावरच छापलेली असते. आणि बिनलेबलाच्या खोक्यावर पूर्ण सरचार्ज, मग तो कुठलाही असो.
काढलेली लेबलं पाण्याच्या बादलीत होती. त्यांचा लगदा झालाय. निघतील तेवढी सोडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. एकावर ‘मेड इन’ एवढंच उरलंय.
हे परिपत्रक पहिल्याच दिवशी कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर?

१४ जून, शनिवार
निर्धार: आज टाकीवाल्याकडे जाऊन सगळं खरं सांगायचं. मामांना परत बोलवा म्हणायचं. पक्कं.
स्कूटरच्या चाकात हवा कमी होती. भरेपर्यंत अकरा वाजले. शनिवारी त्यांच्याकडे पगाराची गडबड असते. उगाच कशाला मध्ये पडायचं.

१६ जून, सोमवार
सोमवारी कुणाचा मूड बरा नसतो. उद्या.

१७ जून, मंगळवार
बायकोने विचारलं, तुम्हाला मला काही सांगायचंय का? मी म्हटलं, नाही, काय सांगायचंय? ती म्हणाली, बरं.

१८ जून, बुधवार
तोंडी बोलताना माणूस भरकटतो. पत्र लिहायला घेतलं. ‘चुकून’ लिहावं की ‘अनवधानाने’, यात दोन तास गेले. ‘अनवधानाने’ जास्त भारदस्त वाटतं. पुढचं सुचलं नाही.

२० जून, शुक्रवार
गेलो.
वर्कशॉपच्या दारात पाऊल टाकलं तर समोर मामा. टाकीवर वाकून वेल्डिंग करत होते. मला वाटलं, भास झाला. त्यांनी तोंडावरचा मास्क वर केला आणि म्हणाले, ये.
मग मामांकडूनच कळलं, बायकोने बारा तारखेलाच, मी सांगितल्यावर तासाभरात, टाकीवाल्याला फोन केला होता. ओले टॉवेल, पंखा, सगळं सांगितलं होतं. तेरा तारखेला मामा कामावर हजर! टाकीवालाच तिला म्हणाला होता, त्याला काही बोलू नका, तो आपणहून येईल.
मी पाठ केलेलं सगळं बोललो. ‘अनवधानाने’ हा शब्द तोंडातून निघालाच नाही. टाकीवाला ऐकत राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, ते मला जमतं. शांतपणे म्हणाला, साठ खोके उचलून न्या, माल आता दुसऱ्या दुकानातून येतो. एवढंच.
निघताना मामा दारापर्यंत सोडायला आले. मला मान वर करवेना. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मामा म्हणाले, तू दुसऱ्याच दिवशी येशील म्हणून मी सगळ्या वर्कशॉपशी पैज लावली होती, हरलो. अख्ख्या वर्कशॉपमध्ये माझ्या बाजूने मामा एकटेच होते.