रक्त शिळं म्हणे!

मंगळवार, सांगली

सरांचा नुसता संताप आलाय. आमचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, जंतूंचं आवरण फोडतं, खरंय. पण आज मेंढीच्या रक्तात घातलं, तर तांबड्या पेशीही फुटल्या. नळीतलं वरचं पाणीही लालभडक! सर म्हणाले, "रक्त शिळं असणार. ही नळी अहवालात नको."

शिळं? माझ्या बापानं, आबांनी, आज सकाळीच जतहून आणून दिलंय, आमच्याच मेंढीचं. त्याच रक्ताच्या दुसऱ्या नळीत पेप्टाइड नव्हतं, तिथं वरचं पाणी नितळच राहिलं. ते दिसलं नाही? आणि याचंच मलम आमच्या कळपाच्या जखमांना लावणार? लावून तर बघा!

संध्याकाळी आबांचा फोन. "रगत चाललं का गं?"

म्हटलं, "चाललं, आबा." आज प्रयोगशाळेत ते रक्तच तेवढं खरं बोललं. सरांपुढे मीसुद्धा गप्प बसले.